एक्स्टेन्शन घ्यायचेत? आधी ते निघणार कसे ते विचारा

केसांचे एक्स्टेन्शन, म्हणजे लांबी किंवा दाटपणासाठी आपल्या केसांना जोडायचे वेगळे केस, घ्यायचं मनात आलं की प्रश्न ठरलेले असतात, लांबी किती मिळेल, कोणाला कळेल का, आणि किती महिने टिकतील. माझं म्हणणं असंय की या तिन्हीच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, हे काढायचे कसे आणि काढणार कोण. कारण लावल्यावर सगळेच प्रकार छान दिसतात हो, चांगल्या हाताने लावले तर क्लिपवाले काय, टेपवाले काय, केराटिनवाले काय, पहिल्या दिवशीच्या फोटोत फरक कळत नाही. फरक कळतो तो काही आठवड्यांनी, जेव्हा ते डोक्यावरून उतरतात आणि त्याखालचे तुमचे स्वतःचे केस कसे निघतात ते दिसतं. मी बरीच वर्षं वापरतेय, वेगवेगळे प्रकार वापरून झालेत, घरात आणि मैत्रिणींमध्ये कोणी घ्यायचं म्हटलं की फोन मला येतो, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

प्रकार बघायच्या आधी स्वतःचे केस बघा. ही पायरी सगळे उडी मारून पुढे जातात आणि माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक म्हणजे केस दाट आहेत की विरळ, आणि दुसरी म्हणजे एकेक केस जाड आहे की बारीक. काहींचे केस भरपूर असतात पण एकेक केस रेशमासारखा बारीक, काहींचे मोजके पण राठ. बारीक केस असतील तर त्यावर कुठलीही गाठ, मणी किंवा क्लिप घसरते आणि ती घसरू नये म्हणून लावणारा जास्त आवळतो, तिथून त्रास सुरू होतो. विरळ असतील तर जोड झाकायला वरून पुरेसे केस पडत नाहीत, वारा आला की टेपची कड दिसते. स्काल्प तेलकट आहे का, डोक्याला घाम फार येतो का, आठवड्यातून किती वेळा केस धुता, तेल लावल्याशिवाय चैन पडत नाही का, हे सगळं इथेच स्वतःशी कबूल करून टाका, कारण टेप आणि तेल यांचं अजिबात जमत नाही.

आणि केस सध्या गळत असतील तर थांबा. अगदी मनापासून सांगते, थांबा. मोठा ताप येऊन गेला, बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं, किंवा कडक डाएट केलं की साधारण 2-3 महिन्यांनी केस जोरात गळायला लागतात, आणि बरोबर त्याच वेळी माणसाला वाटतं की आता एक्स्टेन्शन लावून घेऊ म्हणजे विरळपणा दिसणार नाही. पण तेव्हा मुळं आधीच सैल झालेली असतात, त्यांच्यावर वजन टांगायची ही वेळ नव्हे. ही गळती बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप थांबते, नाही थांबली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, रक्तातलं लोह, थायरॉइड वगैरे तपासून घ्यायचं, एक्स्टेन्शन काय नंतरही मिळतात.

अजून एक, भांगात किंवा टाळूवर विरळ झालं असेल तर तुम्हाला एक्स्टेन्शन नकोच आहे, तुम्हाला टॉपर हवाय. यात फार गोंधळ होतो. एक्स्टेन्शन हे सगळे बाजूने आणि मागून लागतात, त्यांना झाकायला वरचा थर तुमचा स्वतःचाच लागतो. वरचाच थर कमी असेल तर ते लावायचे कुठे आणि झाकायचे कशाने? टॉपर म्हणजे छोट्या जाळीवर केस बसवलेले असतात आणि तो टाळूवर क्लिपने बसतो, तुमच्या भांगाच्या जागी त्याचा भांग येतो. काम वेगळं, वस्तू वेगळी. त्यालाही क्लिप असतात म्हणून विरळ जागेवरच्या नाजूक केसांना क्लिप न लावता जरा बाजूच्या दाट जागेवर लावायची, हे लक्षात ठेवा.

आता क्लिप-इन. पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, आधी क्लिपवाले घ्या, आवडलं तर मग पुढचं बघू. कारण सोपंय, संध्याकाळी घरी आलं की काढून ठेवता येतात, कोणाची गरज लागत नाही, आणि रात्री तुमच्या मुळांना विश्रांती मिळते. एका सेटमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या असतात, सर्वात रुंद पट्टी मागे डोक्याच्या मध्यावर, त्याहून थोडी लहान खाली मानेकडे, आणि एका क्लिपच्या छोट्या छोट्या पट्ट्या कानाच्या वर बाजूंना. लावताना शेपटीच्या कंगव्याने आडवी रेघ काढायची, वरचे केस चिमट्याने वर बांधून टाकायचे, आणि जिथे क्लिप बसणार त्या जागच्या मुळांना दोन-तीन वेळा उलटा कंगवा मारायचा म्हणजे क्लिपला धरायला काहीतरी मिळतं. क्लिप उघडी असताना तिचे दात मुळाजवळ सरकवायचे आणि मग टक असा आवाज येईपर्यंत दाबायची. आधी मधली, मग कडेच्या. कडेच्या आधी लावल्या की पट्टी मध्ये फुगते आणि मग काही केलं तरी ती सपाट बसत नाही.

क्लिपच्या मागे सिलिकॉनची छोटी पट्टी आहे का बघा, ती असेल तर घसरत नाही आणि स्वतःचा केस धातूवर घासून तुटत नाही. कानशिलाच्या अगदी कडेला, जिथे केस बाळाच्या जावळासारखे मऊ असतात, तिथे क्लिप लावायचीच नाही, दोन बोटं आत सोडून लावा. रोज वापरणार असाल तर रोज त्याच रेषेत नको, कधी थोडं वर कधी थोडं खाली. क्लिप लावून झोपायचं नाही, दुपारी अर्धा तास पडायचं असलं तरी नाही, कूस बदलताना सगळा ताण त्या चार केसांवर येतो. खूप बारीक केसांना क्लिपही जड जाते, त्यांच्यासाठी हॅलो नावाचा प्रकार आहे, त्यात एक पारदर्शक तार डोक्याभोवती बसते आणि केसांची पट्टी तिला मागे लोंबते, तार तुमच्याच वरच्या केसांखाली लपते. मुळांना काहीच बांधलेलं नसतं हा त्याचा मोठा गुण. जोराचा वारा, नाच, धावपळ यात मात्र मन सारखं तिकडेच राहतं, सरकली तर नाही ना, आणि उंच पोनी बांधता येत नाही. फक्त पोनीच लांब हवी असेल तर पोनीटेलचा गुंडाळायचा तुकडा मिळतो, तो म्हणजे आजीच्या काळातलं गंगावनच, नवीन रूपात.

टेप-इनबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण बऱ्याच जणी हेच घेतात आणि घाबरतातही यालाच. साधारण 4 सेंटीमीटर रुंदीचा चपटा तुकडा, त्याच्या वरच्या कडेला दोन्हीकडून चिकटणारा टेप. तुमच्या केसांचा पातळ थर खालून एक तुकडा आणि वरून एक तुकडा असा मध्ये दाबला जातो. सपाट बसतो, डोक्यावर उंचवटा जाणवत नाही, लावायला तास-दीड तास, बारीक केसांनाही चालतो कारण वजन रुंदीभर वाटलं जातं. पण 6 ते 8 आठवड्यांनी काढून वर सरकवावाच लागतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे 8 आठवड्यांत तो जोड मुळापासून दोन-अडीच सेंटीमीटर खाली उतरलेला असतो, आणि जितका खाली तितका तो हलतो, वळतो, शेजारच्या जोडाशी गुंततो. छान दिसतंय अजून, महिनाभर ढकलू या, असं करणाऱ्यांचेच केस तुटतात.

माझ्या बहिणीचे टेप काढताना मी शेजारीच बसले होते. काढणारी मुलगी आधी एक जोड उचलून त्याच्या कडेला रिमूव्हरचे, म्हणजे गोंद सोडवणाऱ्या द्रावणाचे, थेंब सोडायची, थोडं थांबायची, मग कंगव्याच्या टोकाने कोपरा जरासा उचलून बघायची, सुटत नसेल तर परत थेंब. एकदाही तिने ओढलं नाही. दोन्ही तुकडे वेगळे झाले की मध्ये पांढरट गोंदाचा चिकट थर राहायचा आणि त्या थरात केसांचा हा एवढा पुंजका. बहिणीने तो हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला, एवढे केस गेले माझे? मग त्या मुलीने पुंजक्यातला एक केस काढून उजेडात धरला आणि त्याच्या टोकाला असलेला बारीक पांढरा ठिपका दाखवला. तो ठिपका म्हणजे केस त्याची वेळ भरल्यावर मुळातून आपोआप सुटला होता, ओढून तुटला नव्हता. आपले रोज 50 ते 100 केस गळतात, एरवी ते कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीवर जातात. टेपमध्ये धरलेल्या भागातले मात्र कुठेच जात नाहीत, जोडातच अडकून राहतात. 8 आठवड्यांचा हिशोब केला तर अख्ख्या डोक्याचे 3 ते साडेपाच हजार केस गळायचेच असतात, त्यातले टेपखालचे एकदम हातात येतात म्हणून धस्स होतं. हे आधी कोणी सांगितलं की माणूस घाबरत नाही. पण पुंजक्यातले केस आखूड, मध्येच तुटलेले, ठिपका नसलेले दिसले तर मात्र ती काळजीची गोष्ट आहे, मग पुढचा सेट लगेच लावायचा नाही.

टेप लावल्यावर पहिले 48 तास केस धुवायचे नाहीत, घाम निघेल असा व्यायामही टाळायचा, चिकट थर पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. नंतर शॅम्पू चालतो पण कंडिशनर कानाच्या खालीच, मुळांना तेल नाही म्हणजे नाही, तेलाने टेप सुटतो, रिमूव्हरमध्येही बऱ्याचदा तेलच असतं ना. म्हणून ज्यांना आठवड्याला डोक्यावर तेल हवंच, त्यांनी टेपचा विचार सोडून द्यावा, त्या सवयीत काही चूक नाही, हा प्रकारच त्यांच्यासाठी नाही. गोंदाची ॲलर्जीही काहींना होते, त्यात ॲक्रिलेट नावाची रसायनं असतात, त्यामुळे आधी एक तुकडा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. खाज, लाली आली तर विषय संपला. आणि ते बाटलीतल्या गोंदाने पट्टी थेट चिकटवायचं जे असतं, त्यात बऱ्याचदा लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक असतो, ते मी कोणालाच सुचवत नाही, ना ॲलर्जीच्या दृष्टीने ना काढायच्या.

केराटिन बॉण्ड म्हणजे एकेक बट वेगळी. प्रत्येक बटेच्या टोकाला केराटिनचा, म्हणजे केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचा, कडक थेंब असतो, तो गरम साधनाने वितळवून तुमच्या तेवढ्याच केसांभोवती बोटांनी वळून तांदळाएवढा करायचा. सगळ्या डोक्याला शंभर-दीडशे बटा लागतात म्हणजे बसायचं चांगलं तीन-चार तास. दिसायला मला विचाराल तर हे सर्वात सुंदर, केस सगळ्या दिशांना सुटे हलतात, वर बांधले तरी पट्टी दिसत नाही, 3 ते 5 महिने टिकतं. तरीही मी हे सगळ्यात शेवटी सुचवते, कारण काढणं. प्रत्येक थेंबावर अल्कोहोलचं द्रावण टाकायचं, पकडीने हलकेच चुरायचं, मग बट खाली सरकवायची, असं शंभरदा. ज्याने लावलं त्याची काढायलाही तेवढाच वेळ द्यायची तयारी नसेल तर चुरा नीट होत नाही आणि मग कंगव्याने ओढणं सुरू होतं. घरी हे करायला जाऊच नका. शिवाय त्या बटा परत तशाच लावता येत नाहीत, टोकं नव्याने बनवावी लागतात, टेपवाल्या केसांना मात्र नवीन टेप लावला की तेच पुन्हा वापरता येतात.

मायक्रो रिंगमध्ये उष्णताही नाही आणि गोंदही नाही, छोटासा मणी असतो, त्यातून तुमची बट ओवायची, एक्स्टेन्शनची बट घालायची, पकडीने मणी चपटा करायचा. काढताना तोच मणी दुसऱ्या बाजूने दाबला की परत गोल होतो आणि बट मोकळी, हे मला फार आवडतं. मण्याच्या आत सिलिकॉनचा थर असलेला घ्या, नुसत्या धातूची कड केसाला कापते. नॅनो म्हणजे त्याहून लहान मणी, बारीक केसात कमी दिसतो. केस फार घसरडे असतील तर मणी खाली येतात, केस फार विरळ असतील तर दिसतात. तेल आणि कंडिशनरने मणीही सरकतात, पण टेपइतका धोका नसतो. हेही 6-8 आठवड्यांनी वर न्यावे लागतात.

शिवून लावायचे वेफ्ट, म्हणजे केसांच्या लांब पट्ट्या, हा वेगळाच विषय आहे. मूळ पद्धतीत स्काल्पला लागून बारीक वेण्या घालतात आणि त्या वेण्यांवर केसांची पट्टी सुई-दोऱ्याने शिवतात. अमेरिकेतल्या क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार बाईंनी केस विणून बसवायच्या तंत्राचं पेटंट 1952 साली मिळवलं, आणि ते तंत्र दाट, कुरळ्या केसांवर का शोभतं ते वेणी घातल्यावर कळतं, असे केस वेणीत घट्ट बसतात आणि आपोआप सुटत नाहीत. सरळ, गुळगुळीत केसांची वेणी सैल पडते, ती पडू नये म्हणून आवळली जाते, आणि आवळली की कानशिलं दुखतात. धुतल्यावर आतल्या वेण्या पूर्ण वाळल्याच पाहिजेत, ओल्या राहिल्या तर वास येतो, खाज येते. सरळ केसांसाठी आता मण्यांची रांग करून तिच्यावर पट्टी शिवतात, त्यात हाताने बांधलेली पातळ पट्टी असते ती अगदी सपाट बसते पण मध्ये कापता येत नाही, कापली की उसवते, आणि मशीनवर शिवलेली जाड असते. दाट केसांना रांगेचं काम छान होतं. बारीक केसांना मी नाही म्हणेन, सगळं वजन मोजक्या मण्यांवर येतं.

पद्धत ठरली की मग केस कुठले, आणि इथे फसवणूक फार. रेमी हा शब्द सगळ्या पाकिटांवर छापलेला असतो. केसाच्या बाहेरच्या थराला खवले असतात, ते सगळे मुळाकडून टोकाकडे झुकलेले. डोक्यावरून सगळे केस एकत्र कापले आणि मुळं एका बाजूला ठेवली तर खवले एकाच दिशेला राहतात, केस गुंतत नाहीत, ते रेमी. गुंतवळ गोळा करून बनवलेल्या केसांत काही उलटे काही सुलटे असतात, खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. मग ते खवले ॲसिडमध्ये काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानात हातात घेतले तर हेच केस जास्त चमकतात, जास्त मऊ लागतात! काही वेळा धुतले की सिलिकॉन जातं आणि मग मानेजवळ गुंत्याचा गोळा. म्हणून फार चकचकीत दिसलं की मला संशय येतो. एक बट दोन बोटांत धरून वरून खाली आणि मग खालून वर बोटं फिरवायची, वर जाताना किंचित खरखर लागली तर चांगलं लक्षण आहे, खवले शाबूत आणि एका दिशेला आहेत. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत लागलं तर लेप असू शकतो. शक्य असेल तर एक नमुना घेऊन घरी चार-पाच वेळा शॅम्पूने धुवा आणि मग ठरवा, यापेक्षा खात्रीची परीक्षा नाही.

खरे केस की कृत्रिम हे ओळखायचं असेल तर एकच केस बाहेर काढून चिमट्यात धरून जाळा, खऱ्याला जळक्या पिसाचा वास येतो आणि बोटांत चुरडेल अशी राख होते, कृत्रिम वितळतो आणि कडक मणी तयार होतो. कृत्रिम वाईटच असं नाही हं. एखाद्या दिवसासाठी गुलाबी-निळी बट हवी, किंवा वेण्यांमध्ये घालायला हवेत, तर कृत्रिमच बरे, हलके असतात, आकार धरून ठेवतात. फक्त साध्या धाग्याला गरम स्ट्रेटनर लागला की वितळतो, नेहमीचा हेअरकलर त्याला चढत नाही, आणि कपड्यावर घासून खालची टोकं लवकर राठ होतात. रोजच्या वापराला खरेच केस. त्यांनाही रंग द्यायचा तर गडद करता येतो, फिका करायला जाऊ नका, एकदा प्रक्रिया झालेल्या केसांना ब्लीच सोसत नाही.

वजनाचं गणित कोणी सांगत नाही म्हणून सांगते. सेटवर 100 ग्रॅम लिहिलेलं असतं आणि लांबी निवडायची असते, 16 इंच किंवा 24 इंच. आपण 24 उचलतो. पण वजन तेवढंच आणि लांबी दीडपट म्हटल्यावर केसांची संख्या दोन तृतीयांशच राहिली ना, मग खाली शेपटासारखी पातळ टोकं लोंबतात आणि वरच्या आपल्या केसांशी मेळच लागत नाही. लांब हवेत तर वजन वाढवायला लागतं, आणि वजन वाढलं की मुळांवरचा भार वाढतो. म्हणून मला 16-18 इंच हा मध्य आवडतो, नुसतं दाट दिसायचं असेल तर आपल्या केसांपेक्षा फार लांब घ्यायची गरजच नाही. डबल ड्रॉन लिहिलेलं असेल तर त्यातले आखूड केस निवडून काढलेले असतात आणि टोकापर्यंत दाटपणा राहतो, सिंगल ड्रॉन खाली निमुळते होत जातात, आणि खरं तर आपले स्वतःचे केसही तसेच निमुळते असतात, त्यामुळे ते जास्त नैसर्गिक दिसू शकतात.

रंग जुळवताना मुळांचा रंग बघू नका, टोकांचा बघा, कारण एक्स्टेन्शन मिसळणार तिथेच आहे. आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. काळे केस म्हणजे एकच काळा नसतो, निळसर काळा वेगळा आणि तपकिरी झाक असलेला वेगळा, आणि चुकीचा काळा लगेच टोपासारखा दिसतो. केसांना वळण असेल तर तसलंच वळण असलेले घ्या, सरळ घेऊन रोज कर्लिंग करत बसलात तर दोन्ही केस जळतील. लावून झाल्यावर थोडं कापून मिसळून घ्यायचंच, खांद्यापर्यंतचे बोथट कापलेले केस आणि त्याखालून एकदम लांब पातळ केस, ती पायरी कुठल्याही ब्रशने लपत नाही.

दुखण्याबद्दल. पहिला एखादा दिवस जरा ताण जाणवतो, ठीक आहे. पण डोकं दुखतंय म्हणून गोळी घ्यावी लागली, कुशीवर झोपता येत नाहीये, मुळाशी पुरळ आलंय, लाल दिसतंय, तर सवय होईल म्हणून सोसू नका, परत जा आणि सैल करून घ्या किंवा काढून टाका. सतत ओढ बसून केस जाण्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात, सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळच मरतं आणि मग येत नाहीत. बहुतेक वेळा सुरुवात कानशिलांपासून होते, म्हणून आरशात तीच जागा बघत जा. सुंदर दिसण्यासाठी थोडं सोसावं लागतं हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं ना, त्याचा मला खरंच राग येतो. केसांच्या बाबतीत तर ते साफ खोटं आहे.

आणि लपवालपवीचं पण सोडून द्या. लोक म्हणतात खोटे केस, आजकालचं फॅड. इजिप्तमध्ये अमार्नाला उत्खननात सुमारे 3300 वर्षांपूर्वीच्या एका बाईचे अवशेष मिळाले, तिच्या केसांत सुमारे 70 एक्स्टेन्शन बांधलेले होते, अजून शाबूत. इतकी जुनी हौस आहे ही. आजारपणानंतर विरळ झालेल्या केसांत चार पट्ट्या लावून एखादी बाई मान ताठ ठेवून बाहेर पडते, त्यात खोटं काय आहे?

मग माझं मत विचाराल तर, कधीतरीच्या कार्यक्रमासाठी क्लिप-इन किंवा हॅलो. रोज हवेत, केस बारीक आहेत, तेलाची सवय नाही, तर टेप. केस मध्यम ते जाड आणि गोंद नको, तर सिलिकॉनवाले मणी. दाट कुरळे असतील तर शिवलेले. केराटिन तेव्हाच जेव्हा लावणाराच काढणार हे पक्कं ठरलंय. आणि कोणाकडेही गेलात तरी केलेलं काम दाखवा म्हणण्याऐवजी काढल्यानंतरचे फोटो दाखवा म्हणा, कसं काढता ते करून दाखवा म्हणा. चांगला कारागीर खूश होऊन सांगतो. जो हे विचारल्यावर चिडतो त्याच्याकडे डोकं देऊ नका. दोन सेटच्या मध्ये थोडे आठवडे मोकळेही ठेवा.

रोजचं म्हणाल तर विंचरताना एका हाताने मुळाकडे धरायचं आणि टोकांपासून वर यायचं, सल्फेट नसलेला शॅम्पू, ओले केस घेऊन झोपायचं नाही, रात्री सैल वेणी. पोहायला जाणार असाल तर आधी केस साध्या पाण्याने भिजवून वेणी घाला म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. आणि एमआरआय करायची वेळ आली तर आधी फोन करून सांगा की डोक्यात मणी किंवा क्लिप आहेत, क्लिप काढूनच जा, मण्यांचं काय करायचं ते तिथले लोक सांगतील, धातूमुळे डोक्याचं चित्र बिघडू शकतं आणि ऐन वेळी तिथे बसून शंभर मणी काढणं कोणालाच शक्य नसतं.